कार्ल्सक्रूना : स्वीडनमधील एका आरमारी नगराचे नाव आणि त्याचा अर्थ

सारांश

स्वीडनच्या आग्नेय किनाऱ्यावरील कार्ल्सक्रूना हे नगर १६८० साली आरमाराचा तळ म्हणून वसविले गेले. ‘कार्लचा मुकुट’ असा त्याच्या नावाचा अर्थ सर्वत्र दिला जातो. हा अर्थ चुकीचा नाही; परंतु तो पुरेसाही नाही. प्रस्तुत लेखात या नावाच्या दोन्ही घटकांची व्युत्पत्ती, नाव दिले गेले त्या काळातील राजकीय परिस्थिती, शेजारच्या नगरनामांशी त्याचा संबंध आणि नामकरणामुळे बाजूला सारली गेलेली माणसे व गावे यांचा विचार केला आहे. स्थलनामाचा अर्थ केवळ शब्दकोशातून मिळत नाही, तर नाव देणारा कोण आणि ते कोणत्या भूमीवर दिले गेले या प्रश्नांतून तो उलगडतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्थलनाम, व्युत्पत्ती, आरमार, राजसत्ता, सरहद्द, जागतिक वारसा.

प्रस्तावना

गावांच्या नावांचा अभ्यास ही इतिहास, भाषाशास्त्र आणि भूगोल या तिन्ही विद्याशाखांना जोडणारी वाट आहे. काही नावे लोकांच्या तोंडी शतकानुशतके घडत जातात. त्यांचा पहिला वापर कोणी केला हे सांगता येत नाही. काही नावे मात्र एका आज्ञेने जन्माला येतात. अशा नावांचा दाता ठाऊक असतो, वर्ष ठाऊक असते आणि हेतूही बहुतांशी ठाऊक असतो. कार्ल्सक्रूना हे दुसऱ्या प्रकारचे नाव आहे.

अशा नावांच्या बाबतीत अभ्यासकाचे काम सोपे आहे, असा समज होतो. समासाचा विग्रह केला, दोन्ही पदांचा अर्थ दिला की विषय संपला, असे वाटते. प्रत्यक्षात आज्ञेने दिलेली नावे अधिक काळजीपूर्वक वाचावी लागतात. कारण दात्याला जे सांगायचे असते तेच नावात दिसते, आणि जे सांगायचे नसते ते नावाखाली झाकले जाते. कार्ल्सक्रूना या नावाचा विचार या दोन्ही अंगांनी करणे आवश्यक आहे.

उच्चार आणि लेखन

मराठीत हे नाव बहुधा इंग्रजी लेखनावरून ‘कार्लस्क्रोना’ असे लिहिले जाते. स्वीडिश भाषेत मात्र दुसऱ्या पदातील स्वर ‘ओ’ नसून दीर्घ ‘ऊ’च्या जवळचा आहे. त्यामुळे ‘कार्ल्सक्रूना’ हे लेखन मूळ उच्चाराला अधिक जवळचे ठरते. जुन्या कागदपत्रांत व नकाशांत आद्याक्षर आजच्याप्रमाणे ‘के’ नसून ‘सी’ असे आढळते. उच्चारात त्याने फरक पडत नाही.

मराठी वाचकाच्या दृष्टीने आणखी एक बाब लक्षणीय आहे. मध्य स्वीडनच्या प्रमाण उच्चारात ‘र’ आणि ‘ल’ लागोपाठ आले असता ते एकमेकांत मिसळतात आणि मराठी ‘ळ’ला जवळचा असा मूर्धन्य ध्वनी तयार होतो. दक्षिणेकडील ज्या बोलींत ‘र’ घशातून उच्चारला जातो, त्यांत हा बदल होत नाही. म्हणजे एकच राजनाम राजधानीत आणि दक्षिणेच्या मुलखात निरनिराळ्या तऱ्हेने उच्चारले जाते. हा मुलूख राजधानीच्या अमलाखाली उशिरा आला, याचा विचार पुढे करावयाचाच आहे.

नावाची रचना मराठी व्याकरणाच्या परिभाषेत सांगायची तर हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. ‘कार्ल’ हे पहिले पद, ‘स’ हा संबंधदर्शक प्रत्यय आणि ‘क्रूना’ हे दुसरे पद. ‘स’ या प्रत्ययाचे कार्य आपल्या ‘चा, ची, चे’ या प्रत्ययांसारखे आहे. ‘कार्लचा मुकुट’ हा विग्रह त्यावरून सरळ मिळतो.

‘कार्ल’ : सामान्य माणूस ते राजा

नावातील कार्ल म्हणजे स्वीडनचा राजा अकरावा कार्ल होय. त्याचा जन्म १६५५ साली झाला. वडील दहावा कार्ल गुस्ताव यांच्या मृत्यूनंतर १६६० साली, बालवयातच, तो गादीवर आला आणि १६९७ साली मरण पावला. स्वीडनमध्ये निरंकुश राजसत्ता प्रस्थापित करणारा राजा म्हणून इतिहासात त्याची ओळख आहे.

‘अकरावा’ हा क्रमांकही नावाच्या राजकारणाचा नमुना आहे. प्रत्यक्षात कार्ल नावाचा तो पाचवा स्वीडिश राजा. सोळाव्या शतकात योहानेस मॅग्नस या इतिहासकाराने स्वीडनच्या प्राचीनतेचा गौरव करण्यासाठी अनेक काल्पनिक राजांची वंशावळ रचली. त्यात कार्ल नावाचे सहा राजे होते. पुढे नवव्या कार्लने त्या वंशावळीच्या आधारे आपला क्रमांक निश्चित केला आणि नंतरच्या राजांनी तोच क्रम चालू ठेवला. अर्थात, नगराच्या नावात ज्या राजाचे नाव आले, त्याच्या क्रमांकामागेही सहा कल्पित पूर्वज उभे आहेत.

‘कार्ल’ या शब्दाचे मूळ मात्र राजेशाही नाही. प्राचीन जर्मानिक भाषांत या शब्दाचा अर्थ ‘पुरुष’, ‘स्वतंत्र माणूस’ असा होता. आजही स्वीडिश भाषेत ‘कार्ल’ हे सामान्यनाम ‘पुरुष, गडी’ या अर्थाने वापरले जाते. मात्र तेव्हा त्यातील ‘ल’ उच्चारला जात नाही. इंग्रजीत याच कुळातील शब्दाची वाटचाल उलट दिशेने झाली. ‘स्वतंत्र शेतकरी’ या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून ‘चर्ल’ हा शब्द आला आणि त्याला ‘गावंढळ, असभ्य माणूस’ असा अर्थ प्राप्त झाला. पूर्व युरोपात तिसरीच गोष्ट घडली. फ्रँकांचा सम्राट कार्ल, म्हणजे शार्लमेन, याच्या दबदब्यामुळे स्लाव्ह भाषांत त्याचे विशेषनामच ‘राजा’ या अर्थाचे सामान्यनाम बनले. पोलिश, चेक व रशियन भाषांतील राजवाचक शब्द त्यापासून आले आहेत.

एकाच शब्दाने एका भाषेत गावंढळ माणूस आणि दुसऱ्या भाषेत राजा व्हावे, हा भाषेच्या इतिहासातील विलक्षण योगायोग आहे. कार्ल्सक्रूनाच्या बाबतीत तो केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही. राजा कार्ल आणि ‘स्वतंत्र माणूस’ या अर्थाचा कार्ल हे दोघे या नगराच्या जन्माच्या वेळी खरोखरच समोरासमोर आले होते.

‘क्रूना’ : मुकुट, सत्ता आणि चलन

‘क्रूना’ हा शब्द लॅटिन ‘कोरोना’पासून आला आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पुष्पमाला, शिरोभूषण, मुकुट असा होतो. २०२० सालच्या साथीनंतर हा लॅटिन शब्द महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचला. त्या विषाणूभोवतीच्या काट्यांचे वलय मुकुटासारखे दिसते म्हणून त्याला ते नाव मिळाले. स्वीडिश भाषेत ‘क्रूना’ हा शब्द मुकुटाशिवाय झाडाचा पर्णसंभार, दिव्यांचे झुंबर अशा अर्थांनीही योजला जातो.

स्वीडनच्या चलनाचे नावही हेच असल्यामुळे ‘कार्लचे नाणे’ असा अर्थ कोणी लावण्याचा संभव आहे. तो ग्राह्य नाही. स्वीडनचे आजचे चलन स्कँडिनेव्हियन चलनसंघाच्या निमित्ताने १८७३ साली प्रचारात आले. त्या वेळी कार्ल्सक्रूना नगर वसून जवळजवळ दोन शतके झाली होती.

अधिक महत्त्वाचा आहे तो या शब्दाचा राजकीय अर्थ. स्वीडिश भाषेत ‘क्रूनान’, म्हणजे ‘तो मुकुट’, हा शब्द राज्यसंस्था, सरकार या अर्थाने रूढ आहे. सरकारी जमीन ती मुकुटाची जमीन. सरकारी वसुली करणारा अधिकारी तो मुकुटाचा अधिकारी. कर्जवसुली व जप्तीचे काम पाहणाऱ्या स्वीडनच्या शासकीय यंत्रणेच्या नावात आजही ‘क्रूनू’ हे पद कायम आहे. तेव्हा ‘कार्लचा मुकुट’ या शब्दांतून त्या काळच्या स्वीडिश माणसाला राजाच्या मस्तकावरील अलंकार जसा सूचित होत असेल, तसेच ‘कार्लचे सरकार’ही सूचित होत असेल, असे मानण्यास पुरेसा आधार आहे.

या संदर्भात १६८० हे वर्ष बोलके आहे. त्याच वर्षी स्टॉकहोम येथे भरलेल्या राज्यसभेने सरदारांकडे गेलेल्या जमिनी राज्याकडे परत घेण्याचा निर्णय केला. स्वीडनच्या इतिहासात या घटनेस ‘रेडुक्तियोन’ म्हणतात. आपल्या परिभाषेत सांगायचे तर जहागिरी खालसा करण्यात आल्या. त्यातून मुकुटाचे उत्पन्न वाढले, सरदारवर्गाचे बळ घटले आणि निरंकुश राजसत्तेचा मार्ग मोकळा झाला. ज्या वर्षी ‘मुकुट’ या संस्थेने आपल्या जमिनी परत मागितल्या, त्याच वर्षी मुकुटाच्या नावाचे नगर वसले. या दोन घटनांमागे एकच राजकीय विचार होता.

येथे आणखी एका ‘मुकुटा’चा उल्लेख करणे उचित होईल. स्वीडिश आरमाराच्या अग्रनौकेचे नाव ‘क्रूनान’ हेच होते. डेन्मार्क व नेदरलँड्स यांच्या संयुक्त आरमाराशी १६७६ साली ओलांद बेटाजवळ झालेल्या लढाईत वळण घेताना ही नौका कलली, तिच्यावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि ती बुडाली. नौकेवरील सुमारे ८०० माणसे मृत्युमुखी पडली. पुढे १९८० साली तिचे अवशेष सागरतळाशी सापडले. नगराचे नाव या नौकेवरून पडले असे म्हणता येत नाही. परंतु ज्या युद्धात आरमाराचा ‘मुकुट’ बुडाला, त्याच युद्धाच्या अनुभवातून नव्या आरमारी तळाची निकड निर्माण झाली, एवढे निश्चित म्हणता येते.

सरहद्दीवरचे नाव

कार्ल्सक्रूना ज्या प्रांतात वसले आहे तो ब्लेकिंगे प्रांत १६५८ सालापर्यंत डेन्मार्कच्या राज्यात होता. त्या वर्षीच्या रोस्किल्डेच्या तहान्वये स्कोने, हालांद, ब्लेकिंगे इत्यादी प्रदेश डेन्मार्कने स्वीडनला दिले. हा मुलूख परत मिळविण्यासाठी डेन्मार्कने १६७५ साली युद्ध पुकारले. ते १६७९ पर्यंत चालले. जमिनीवर स्वीडनने मुलूख राखला. समुद्रावर मात्र स्वीडिश आरमाराला लागोपाठ पराभव सोसावे लागले.

या पराभवांमागे भूगोलाचा मोठा वाटा होता. स्वीडिश आरमाराचा मुख्य तळ स्टॉकहोम येथे होता. तेथील खाड्या हिवाळ्यात गोठत आणि वसंत ऋतूत बर्फ वितळेपर्यंत जहाजांना बाहेर पडता येत नसे. दक्षिणेकडील डॅनिश आरमार त्याआधीच समुद्रात उतरलेले असे. शिवाय स्वीडनच्या ताब्यातील जर्मन किनाऱ्यावरील प्रदेशांशी दळणवळण ठेवण्यासाठी तळ दक्षिणेकडे असणे गरजेचे होते. ब्लेकिंगेच्या किनाऱ्यावरील बेटांचा समूह या दृष्टीने सोयीचा होता. तेथील पाणी लवकर मोकळे होई, आतल्या बाजूस मोठे आरमार नांगरता येई आणि समुद्राकडून येणाऱ्या वाटा अरुंद असल्याने त्या तोफांच्या माऱ्याखाली ठेवता येत.

अशा रीतीने त्रोस्सो या बेटावर नगर उभारण्याचे ठरले. नगराच्या व तटबंदीच्या आखणीत एरिक डालबर्ग या दुर्गरचनाकाराचा प्रमुख सहभाग होता. प्रत्यक्ष उभारणीचे नेतृत्व ॲडमिरल हान्स वाख्टमाइस्टर याने केले. रुंद सरळ रस्ते, मध्यभागी विस्तीर्ण चौक आणि आरमाराच्या कामाच्या जागेकडे नेणारी मांडणी ही या नगराची वैशिष्ट्ये होत. १७५० च्या सुमारास येथील लोकसंख्या १०,००० च्या आसपास पोहोचली होती आणि कार्ल्सक्रूना हे त्या काळातील स्वीडनमधील तिसऱ्या क्रमांकाचे शहर झाले होते.

ही पार्श्वभूमी लक्षात घेता नावाचा रोख स्पष्ट होतो. नगर राजधानीत नव्हते, परंपरागत स्वीडिश भूमीवरही नव्हते. अवघ्या बावीस वर्षांपूर्वी परक्या राज्यात असलेल्या आणि नुकत्याच लढून राखलेल्या किनाऱ्यावर ते उभे राहत होते. अशा ठिकाणी ‘कार्लचा मुकुट’ हे नाव देणे म्हणजे हा प्रदेश आता कोणाचा आहे, हे डेन्मार्कला आणि स्थानिक जनतेला एकाच वेळी ऐकविणे होते.

शेजारची नावे

स्थलनाम एकटे वाचले तर त्याचा अर्थ अर्धाच हाती लागतो. कार्ल्सक्रूनाच्या आसपासची नगरनामे पाहिली असता त्यातील संवाद ध्यानात येतो.

या नावाचा आकृतिबंध लान्द्सक्रूना या नगराच्या नावावरून घेतलेला आहे. स्कोने प्रांतातील हे बंदर १४१३ साली, डेन्मार्क, नॉर्वे व स्वीडन ही राज्ये एका मुकुटाखाली असताना, एरिक राजाने वसविले. त्या नावाचा अर्थ ‘देशाचा मुकुट’. जुन्या नावात मुकुट देशाचा होता, नव्या नावात तो राजाचा झाला. पहिले पद बदलले आणि त्याबरोबर राज्याची कल्पनाही बदलली. निरंकुश सत्तेकडे वळलेल्या राज्याला हा बदल साजेसाच म्हणावा लागेल.

ब्लेकिंगेमध्येच कार्ल्सहाम्न, म्हणजे ‘कार्लचे बंदर’, हे दुसरे नगर आहे. त्याचे पूर्वीचे नाव बोदेकुल. १६६० च्या दशकात त्याला मिळालेले नवे नाव ब्लेकिंगे जिंकून घेणाऱ्या दहाव्या कार्ल गुस्तावच्या स्मरणार्थ आहे. अशा रीतीने एकाच किनाऱ्यावर पित्याचे बंदर आणि पुत्राचा मुकुट अशी दोन नावे नांदू लागली.

डॅनिश राजांनीही यापूर्वी हेच केले होते. चौथ्या क्रिस्तियान राजाने ब्लेकिंगेच्या पूर्व टोकाला, तत्कालीन स्वीडिश सरहद्दीजवळ, १६०० च्या सुमारास क्रिस्तियानोपेल हे तटबंदीचे नगर वसविले. त्यातील ‘ओपेल’ हे पद ग्रीक ‘पोलिस’ म्हणजे नगर या शब्दापासून आले आहे. पुढे १६१४ साली त्याने क्रिस्तियानस्ताद, म्हणजे ‘क्रिस्तियानचे नगर’, वसविले. सरहद्द सरकली, क्रिस्तियानोपेलची तटबंदी निरुपयोगी झाली आणि त्याने नगराचा दर्जा गमावला. क्रिस्तियानस्ताद हे नाव मात्र स्वीडिश सत्तेने बदलले नाही. डॅनिश राजाचे नाव धारण करणारे ते शहर आजही स्वीडनमध्ये आहे. तेव्हा प्रत्येक विजेता सर्वच नावे पुसतो, असा सरसकट नियम मांडता येत नाही. स्वीडिश सत्तेने जुनी नावे पुसण्यापेक्षा नवी नावे उभारण्यावर आणि त्या नव्या नावांना माणसे व व्यापार पुरविण्यावर भर दिला, असे दिसते.

नावाखाली झाकलेली नावे

नव्या नगराला माणसे कोठून मिळाली? या प्रश्नाचे उत्तर नगराच्या नावात नाही.

ज्या त्रोस्सो बेटावर नगर उभे राहिले ते ओसाड नव्हते. त्यावर शेती होती. वित्तुस अँडरसन या शेतकऱ्याकडे त्याची मालकी होती. नगराच्या इतिहासात सांगितले जाते की, बेट विकण्यास त्याने नकार दिला, तेव्हा त्याला कार्ल्सहाम्न येथे कैदेत ठेवण्यात आले आणि अखेर तो विक्रीस राजी झाला. ‘कार्ल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘स्वतंत्र माणूस’ असा असल्याचे वर नमूद केले आहे. त्या अर्थाचा एक कार्ल आपली जमीन राखू पाहत होता. राजा कार्लच्या मुकुटाने ती मिळविली. कैदेसाठी वापरलेल्या नगराच्या नावातही कार्लच होता.

दुसरे उदाहरण रोनेबी या गावाचे. कार्ल्सक्रूनाच्या पश्चिमेस असलेले रोनेबी हे ब्लेकिंगेतील जुने व्यापारी नगर. १६८० साली त्याचे नगराधिकार काढून घेण्यात आले आणि तेथील व्यापारी नागरिकांनी कार्ल्सक्रूना येथे स्थलांतर करावे असा हुकूम झाला. नगराचा दर्जा म्हणजे त्या काळात व्यापार करण्याचा हक्क होता. तो गेल्यावर रोनेबीच्या बाजारपेठेचा कणा मोडला. हा दर्जा रोनेबीला परत मिळाला तो १८८२ साली, म्हणजे दोनशे दोन वर्षांनी. नव्या नगराच्या भरभराटीची नोंद इतिहासग्रंथांत ठळकपणे होते. तिची किंमत मोजणाऱ्या जुन्या नगराची नोंद सहसा तळटीपेत जाते.

तिसरे उदाहरण आरमारातील खलाशांचे. अकराव्या कार्लने सैन्य व आरमार यांसाठी नेमणुकीची कायमस्वरूपी पद्धत बसविली. किनारी प्रांतांतील शेतकऱ्यांच्या गटाने मिळून एका खलाशाची सोय करावयाची, त्याला राहण्यास खोपटे व थोडी जमीन द्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. ब्लेकिंगेवर आरमाराचे खलाशी पुरविण्याची जबाबदारी आली. ग्रामीण स्वीडनमध्ये तेव्हा वडिलांच्या नावावरून ओळख सांगण्याची रीत असल्यामुळे एकाच नावाची अनेक माणसे पथकात असत. हजेरीपटातील गोंधळ टाळण्यासाठी सैनिकांना व खलाशांना नवी, आटोपशीर आडनावे दिली जात. ‘रास्क’ म्हणजे चपळ, ‘मूदिग’ म्हणजे धीट, अशी ती नावे असत. त्यांतील काही पुढे घराण्यांची आडनावे झाली. ज्या सत्तेने बेटाला नाव दिले, त्याच सत्तेने तिची चाकरी करणाऱ्या माणसांचीही नावे बदलली.

नगराच्या आतील नामव्यवस्था

कार्ल्सक्रूनाच्या आत शिरले तरी हीच व्यवस्था दिसते. समुद्राकडून येणाऱ्या मुख्य जलमार्गाच्या दोन बाजूंना दोन दुर्ग आहेत. एकाचे नाव कुंग्सहोल्मेन, म्हणजे ‘राजाचे बेट’, दुसऱ्याचे द्रोत्निंगशेर, म्हणजे ‘राणीचा खडक’. राजा व राणी यांच्या पहाऱ्यातून गेल्याशिवाय कार्लच्या मुकुटापर्यंत पोहोचता येत नसे. १६८५ साली उभारलेल्या आरमाराच्या लाकडी चर्चला राणी उल्रिका एलिओनोरा हिच्यावरून ‘उल्रिका पिया’ हे नाव मिळाले. मुख्य चौकातील फ्रेडरिक चर्च अठराव्या शतकातील राजा पहिला फ्रेडरिक याच्या नावाचे आहे. चौकाच्या मध्यभागी अकराव्या कार्लचा पुतळा आहे.

कामगारवस्तीतील नावे काहीशी वेगळी आहेत. ब्यॉर्कहोल्मेन, म्हणजे ‘बर्च वृक्षांचे बेट’, येथे गोदीतील कामगार लहान लाकडी घरांत राहत असत. तेथील एका दिशेचे रस्ते जहाजांच्या प्रकारांवरून आणि त्यांना छेदणारे रस्ते ॲडमिरलांवरून ओळखले जातात. बर्च वृक्षाचे मूळ नाव टिकले, त्यावर आरमाराच्या नावांचे जाळे पसरले. त्रोस्सो हे जुने नावही पुसले गेले नाही. ज्या बेटावर नगराचा मध्यभाग आहे त्याला लोक आजही त्रोस्सोच म्हणतात. आज्ञेने दिलेले नाव नगराला चिकटले आणि जमिनीने आपले नाव जपले.

आरमाराच्या चर्चसमोर रोसेनबूम नावाच्या वृद्ध खलाशाची लाकडी मूर्ती आहे. गरिबांसाठी दान मागण्याकरिता ती उभी केलेली असून टोपी उचलून आत नाणे टाकता येते. कडाक्याच्या थंडीत भीक मागत असता गोठून मेलेल्या एका गरीब खलाशाची दंतकथा तिच्याशी जोडली जाते. नोबेल पारितोषिकविजेत्या लेखिका सेल्मा लागरलॉफ यांनी १९०६–०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, निल्स होल्गरसन या मुलाच्या प्रवासकथेत कार्ल्सक्रूनाचा प्रसंग आहे. त्यात चौकातील राजाचा पुतळा निल्सचा पाठलाग करतो आणि रोसेनबूम त्याला आपल्या टोपीखाली लपवितो. शाळकरी मुलांसाठी लिहिलेल्या या पुस्तकात नगरातील दोन मूर्तींचे नाते अचूक टिपले आहे. एकीकडे मुकुट, दुसरीकडे टोपी. नगराच्या नावात फक्त पहिल्याला जागा मिळाली.

‘आरमारी नगर’ की ‘आरमारी बंदर’?

युनेस्कोने १९९८ साली कार्ल्सक्रूनाचा समावेश जागतिक वारसास्थळांच्या यादीत केला. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातील युरोपीय नियोजित आरमारी नगराचा उत्तम व सुस्थितीतील नमुना म्हणून ही निवड झाली. डोंगराच्या खडकात खोदलेली पोल्हेमची गोदी, सुमारे ३०० मीटर लांबीची दोरखंड वळण्याची इमारत, दुर्ग, चर्च आणि रस्त्यांची मांडणी यांचा एकत्रित विचार त्यामागे आहे.

या नोंदीतही नावाचा प्रश्न उपस्थित होतो. इंग्रजी यादीत या स्थळाचा उल्लेख ‘नेव्हल पोर्ट’, म्हणजे आरमारी बंदर, असा आहे. स्वीडिश भाषेत मात्र ‘ऑर्लोग्सस्तादेन कार्ल्सक्रूना’ असे म्हणतात. ‘स्ताद’ म्हणजे नगर. ‘ऑर्लोग’ हा शब्द उत्तर जर्मन व डच भाषांच्या संपर्कातून आला आहे. डच भाषेत त्याचा अर्थ सर्वसाधारण ‘युद्ध’ असा आहे, स्वीडिशमध्ये तो सागरी युद्धापुरता मर्यादित झाला. त्यामुळे ‘सागरी युद्धाचे नगर’ हा स्वीडिश नावाचा शब्दशः अर्थ होतो.

हा भेद केवळ भाषांतराचा नाही. बंदर म्हटले की धक्के, गोद्या आणि जहाजे डोळ्यांसमोर येतात. नगर म्हटले की त्यात माणसे येतात : दोरखंड वळणारे, सुतार, खलाशी, त्यांची कुटुंबे, रोनेबीहून आलेले व्यापारी. मराठीत लिहिताना ‘आरमारी नगर’ हाच शब्दप्रयोग अधिक योग्य ठरतो, कारण या स्थळाचे वैशिष्ट्य बंदरापुरते नसून बंदरासाठी रचलेल्या संपूर्ण नागरी जीवनात आहे.

हे नगर आजही स्वीडिश नौदलाचा प्रमुख तळ आहे. १९८१ सालच्या ऑक्टोबरमध्ये एक सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रूनाजवळच्या निषिद्ध जलक्षेत्रात खडकावर अडकली, तेव्हा तीनशे वर्षांपूर्वी निवडलेल्या या जागेचे लष्करी महत्त्व जगाच्या ध्यानात आले.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, ‘कार्लचा मुकुट’ हा कार्ल्सक्रूनाचा शब्दार्थ बरोबर आहे. मात्र त्यातील ‘मुकुट’ हा अलंकाराइतकाच राज्यसंस्थेचा वाचक आहे. दुसरी, हे नाव नुकत्याच जिंकलेल्या सरहद्दीवर दिले गेले आणि त्याचा अर्थ लान्द्सक्रूना, कार्ल्सहाम्न, क्रिस्तियानोपेल या शेजारच्या नावांच्या संगतीत वाचावा लागतो. तिसरी, नगराच्या स्थापनेसाठी एका शेतकऱ्याची जमीन, एका जुन्या नगराचे अधिकार आणि अनेक खलाशांची चाकरी खर्ची पडली. नावात त्यांचा मागमूस नाही. तो बेटाच्या जुन्या नावात, रोनेबीच्या इतिहासात आणि चर्चसमोरच्या लाकडी मूर्तीत शिल्लक आहे.

इतिहास वा भाषा शिकविताना स्थलनामांचा उपयोग बहुधा उदाहरणापुरता होतो. नावाची फोड सांगून शिक्षक पुढे जातो. त्याऐवजी हे नाव कोणी दिले, त्यापूर्वी येथे काय होते आणि या नावामुळे कोणाचे काय गेले, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवल्यास एकच शब्द एका कालखंडाचे दार उघडू शकतो. कार्ल्सक्रूनाच्या बाबतीत हे प्रश्न विचारल्यावर राजा कार्लबरोबर त्रोस्सोचा शेतकरीही अभ्यासाच्या कक्षेत येतो, आणि त्या दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय या नगराच्या नावाचा अर्थ पूर्ण होत नाही.